चिंतेचे मार्क काढता, मग डीजेचेही काढा

आजकाल मनाचं माप काढायला सात प्रश्न पुरतात. जीएडी-७ नावाची चिंता मोजायची प्रश्नावली आहे, मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेत काढलेली, आणि आता ती दवाखान्यात, कॉलेजच्या शिबिरात, संस्थांच्या सर्व्हेत, मोबाईलवर सगळीकडे फिरत असते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, चिंता थांबवता आली नाही असं किती दिवस झालं, निवांत बसणं जमलं नाही, एका जागी बसवलं नाही, लवकर चीड आली, काहीतरी भयंकर होणार अशी भीती वाटली, असं सगळं. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ मार्क, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दोन मिनिटांत काम खतम.

माझं या प्रश्नावलीशी वैर नाही, उलट अशी सोपी गोष्ट आली म्हणून निदान विचारायला तरी सुरुवात झाली. माझं भांडण वेगळं आहे. ही प्रश्नावली माणसाला विचारते तुला काय होतंय, पण तुझ्या घराच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते विचारत नाही, आणि मग जो आकडा निघतो तो सातबाऱ्यावर बोजा चढवावा तसा आपण त्या एकट्या माणसाच्या नावावर चढवतो. आकडा त्याचा, आजार त्याचा, गोळी त्याची. ज्यानं रात्री दोन वाजेपर्यंत वाजवलं त्याचं नाव कुठंच नाही.

आता कोणी म्हणेल गावात कुठं आलाय एवढा आवाज, तो पुण्या-मुंबईचा प्रॉब्लेम, गावात तर शांतताच शांतता. असं म्हणणारा माणूस एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात आठ दिवस राहिलेला नसतो. लग्नाची वरात म्हणजे आता बँड नाही, डीजे. एखाद्या मालवाहू गाडीवर माणसाच्या उंचीचे बेसचे डब्बे रचायचे, मागं जनरेटर, आणि दहा फुटाच्या गल्लीतून अर्ध्या किलोमीटरला तीन तास. गल्लीतल्या घरांवर टिन असतात, ते टिन वाजतात, खिडकीची काच वाजते, फळीवरची भांडी सरकतात, गोठ्यातली गाय दाव्याला हिसके देते. मग गणपती, मग देवी (यवतमाळचा दुर्गोत्सव किती मोठा असतो ते इकडच्यांना सांगायला नको आणि तालुक्यातली गावंही त्यात मागं नसतात), मग जयंत्या, मग निवडणुकीचे निकाल. मध्ये भागवत सप्ताह, त्याचा कर्णा सकाळी पाचला सुरू. वणी, राजुरा, घुग्घुसकडे खुल्या कोळसा खाणी आहेत, तिथं ब्लास्टिंग झालं की जमीन हलते आणि भिंतीला नवीन चीर तर नाही पडली हे बघायला लोक बाहेर येतात. आणि शेतात डुक्कर-रोही हाकलायचे फटाके, सोलर कुंपणाच्या झटका मशीनचे सायरन. ही सगळी यादी मी काही तक्रार म्हणून देत नाही, यातल्या निम्म्या गोष्टी मला आवडतात पण. फक्त गाव शांत असतं ही कल्पना आता सोडा.

उलट गावात एक गोष्ट शहरापेक्षा वाईट आहे. शहरात रात्रभर एक घरघर चालू असते, कान तिला सरावतो. आमच्याकडे रात्री रातकिडे आणि कुत्रे सोडले तर काहीच नसतं, त्यामुळं अचानक जे वाजतं ते अंगावरच येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्येच सांगून ठेवलंय की झोपायच्या खोलीत सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नको आणि मध्येच येणारा एखादा आवाज ४५ च्या पुढं जायला नको. टिनाच्या घरात, उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्याला कसली खोली नि कसलं ३०.

आता परत त्या सात प्रश्नांकडे या. निवांत बसणं न जमणं, एका जागी बसवत नाही, लवकर चीड येणं. सात पैकी हे तीन प्रश्न असे आहेत की चार रात्री झोप न झालेला कोणताही धडधाकट माणूस त्यात भरपूर मार्क घेईल. आणि गंमत म्हणजे जीएडी-७ मध्ये झोपेचा प्रश्नच नाही! डिप्रेशनसाठी जी पीएचक्यू-९ वापरतात तिच्यात झोपेचा प्रश्न आहे, तिथंही झोप लागत नाही की फार येते एवढंच विचारतात, कशामुळं ते नाही. म्हणजे आवाजाचा पहिला घाव जिथं बसतो ती जागा या फॉर्ममधून गायब, आणि त्या घावाचे परिणाम मात्र मार्कांत मोजलेले. हे मी तज्ज्ञांच्या चुका काढायला सांगत नाही, त्यांनी ती दवाखान्यात आलेल्या पेशंटसाठी बनवली होती, समोर डॉक्टर बसलेला असतो, तो पुढं दहा गोष्टी विचारतो. आपण डॉक्टर काढून टाकला आणि फॉर्म तेवढा ठेवला.

दुसरी गोष्ट दोन आठवड्यांची. चार्ल्स स्पिलबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० मध्येच चिंतेची दोन वेगळी मापं केली होती, वीस प्रश्न आत्ता या घडीला कसं वाटतंय याचे आणि वीस प्रश्न एरवी तुमचा स्वभाव कसा आहे याचे. हा फरक कामाचा आहे. कोणी देवीच्या दिवसांत गावात सर्व्हे केला तर एक आकडा येईल, डिसेंबरात केला तर दुसरा, आणि मृगाचा पाऊस लांबलेला असताना केला तर विचारूच नका. पण रिपोर्टमध्ये छापून येतं काय, तर अमुक तालुक्यात इतके टक्के लोकांना चिंता. कोणत्या पंधरवड्यात विचारलं हे कुठंतरी बारीक अक्षरात, आणि त्या पंधरवड्यात गावात काय वाजत होतं हे तर अक्षरातही नाही.

टक्केवारीचंच बोलायचं तर एक साधा हिशोब करू. जीएडी-७च्या मूळ अभ्यासात दहाचा कट-ऑफ लावला, म्हणजे दहा किंवा वर मार्क आले की आजार धरला, तर खऱ्या रुग्णांपैकी ८९ टक्के पकडले गेले आणि आजार नसलेल्यांपैकी ८२ टक्के बरोबर सुटले. ऐकायला भारी वाटतं. आता समजा एक हजार वस्तीचं गाव आहे आणि त्यातल्या पन्नास जणांना खरंच हा आजार आहे असं धरू. पन्नासपैकी पंचेचाळीस सापडतील. उरलेल्या साडेनऊशेपैकी १८ टक्के, म्हणजे १७१ जण, आजार नसताना दहा किंवा वर जातील. एकूण २१६ लोकांवर शिक्का, त्यातले पंचेचाळीस खरे. बाकी १७१ कोण आहेत? फॉर्म बनवणाऱ्यांच्या भाषेत ते चुकीचे पॉझिटिव्ह. पण माझ्या मते त्यांच्यातले बरेच जण चुकीचे नाहीतच, त्यांना खरंच त्रास होतोय, फक्त त्या त्रासाचं कारण त्यांच्या डोक्यात नसून चौकात आहे. त्यांना बाजूला काढून 'आजारी नाहीत' म्हणून सोडून देणं हेही चूक आणि त्यांना गोळ्या देणं हेही चूकच.

हे प्रश्न विचारले कसे जातात तेही बघा. देवीचे दिवस होते, शेजारच्या घरी आशाताई तो तीस वर्षांवरच्या लोकांचा तपासणी फॉर्म भरायला आल्या होत्या, सीबॅक म्हणतात त्याला. ओट्यावर बसल्या, काकू तांदूळ निवडत, सून दाराआड उभी, आणि मंडपातला कर्णा इतका मोठा की ताईंना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला. त्या फॉर्मच्या शेवटी मनाबद्दल दोन प्रश्न आहेत, पीएचक्यू-२. "काकू, मागच्या दोन हप्त्यात कोनत्याच कामात मन लागत नाई असं झालं का?" काकू म्हणाल्या, "मन लावाले टाइम कोनाले हाय व माय, सोंगनी सुरू हाय." ताईंनी शून्यावर खूण केली. "उदास वाटते का?" "नाई नाई, नाई म्हून लिही." अजून एक शून्य. ताई उठल्या, चप्पल घालत होत्या तेव्हा काकू बोलल्या, "पन रातच्याले छाती लय धडधडते ना, त्या डब्ब्यायनं. मंग पहाटपावतर डोळ्याले डोळा नाई लागत." ताईंनी मान हलवली, काय करतील, त्याला रकानाच नव्हता.

आणि हा फॉर्म काही मठ्ठ नाही बरं का. त्यात स्वैपाक कशावर करता हे विचारलंय, चूल की गॅस. शेतातला कचरा जाळता का, वीटभट्टीवर धुरात काम करता का हेही विचारलंय. म्हणजे फुप्फुसाचा प्रश्न आला की सरकारला कळतं की दम्याचं कारण माणसाच्या छातीत कमी आणि चुलीत जास्त असू शकतं. मग मनाचा प्रश्न आला की आजूबाजूचं जग कुठं जातं? धूर विचारता तर आवाज विचारायला काय हरकत आहे. एक ओळ लागेल.

आता दुसऱ्या मापाकडे, म्हणजे आवाजाच्या. तिथंही आनंदच आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे दहा ते सहा, त्या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट. १८ जुलै २००५ ला सुप्रीम कोर्टानं पण स्पष्ट सांगितलं की बोलायचा हक्क आहे म्हणून दुसऱ्याला जबरदस्तीनं ऐकायला लावायचा हक्क मिळत नाही. कागदावर सगळं आहे. पण मोजतं कोण? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०११ पासून आवाज मोजायचं जे देशव्यापी जाळं उभं केलं त्याची सुरुवात सात महानगरांतून झाली, महाराष्ट्रातून मुंबई. आमच्या तालुक्यात डेसिबल मीटर कोणी हातात धरलेला मी तरी पाहिला नाही. तक्रार केली तर पोलीस पाटलाला तोंड वाईट करावं लागतं, ठाण्याची गाडी येते, आवाज कमी होतो, गाडी गेली की परत सुरू, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत की फोन कोणी केला.

आणि मीटर आला तरी एक गोम आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते. नियमातला डेसिबल हा 'ए' वजनाचा डेसिबल आहे. माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात म्हणून मीटर ते आवाज वजा करून मोजतो, ५० हर्ट्झला तर जवळपास ३० डेसिबल वजा. डीजेचा सगळा खेळ याच खालच्या पट्टीत असतो, जो कानापेक्षा छातीत ऐकू येतो, भिंतीतून आरपार जातो. म्हणजे काकूंची छाती ज्यानं धडधडते तोच आवाज मीटर निम्म्याहून जास्त विसरून जातो. त्यावर नियम सरासरीचा. रात्रीचे आठ तास घेऊन सरासरी काढली की मध्येच दहा-वीस वेळा कोकलणारा सायरन त्यात पार विरघळून जातो, पण झोप तर दहा-वीस वेळा मोडलेली असते. 'सी' वजनाचं मापनही असतं, त्यात बेस जवळजवळ पूर्ण मोजला जातो, चांगल्या मीटरवर नुसतं बटण फिरवायचं काम आहे. नियमात मात्र ते नाही.

म्हणजे एक माप माणसाचं, त्यात झोप नाही. एक माप आवाजाचं, त्यात बेस नाही. आणि दोन्ही मापं एकाच गावात एकाच पंधरवड्यात कोणी कधी एकत्र घेत नाही.

आता जरा अवघड भाग. आवाज म्हणजे नुसते डेसिबल नाहीत हेही मान्य करायला पाहिजे, नाहीतर माझा लेख पण त्या फॉर्मसारखाच होईल. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी साठच्या दशकाच्या शेवटी प्रयोग केले होते. माणसांना १०८ डेसिबलच्या आसपासचा भयानक आवाज ऐकवत काम करायला लावायचं, मध्येच कधीही वाजणारा. काही जणांना एक बटण दिलं आणि सांगितलं की फारच झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही. दोन्ही गटांनी सारखाच आवाज ऐकला. पण नंतर शांततेत न सुटणारी कोडी दिली तेव्हा बटणवाले कितीतरी जास्त वेळ चिकाटीनं बसले, बिनबटणवाल्यांनी लवकर हात टेकले. नुसतं बटण आपल्याजवळ आहे एवढ्यानं इतका फरक.

मला हा प्रयोग वाचल्यावर झटका मशीनच आठवलं. ज्याच्या वावरात ते लागलंय त्याला त्या सायरनची झोपेतही सोबत वाटते, वाजला म्हणजे तार शाबूत आहे, डुक्कर लागलं होतं पण पळालं, आता जागलीला जायचं काम नाही. तोच सायरन शेजारच्या वावरात हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाईनवर आलेल्या माणसाला दचकवतो, कारण त्याला माहीत नाही तारेला काय लागलं, डुक्कर की आणखी काही. ताडोब्याच्या बाजूच्या गावांत तर लोक मुद्दाम मोबाईलवर गाणी लावून वावरात जातात, तिथं आवाज म्हणजे धीर आणि शांतता म्हणजे धाक. नवरदेवाच्या मित्राला डीजेपुढं नाचताना काहीच होत नाही, चार घरं सोडून बाळंतीण असते तिला होतं. तेव्हा प्रश्न डेसिबलइतकाच बटण कोणाच्या हातात आहे याचा आहे, आणि गावात ते कोणाच्या हातात असतं हे मी वेगळं सांगत नाही. ज्याच्या घरासमोर वरात थांबते आणि ज्याच्या घरासमोर तिला थांबू नका म्हणायची हिंमत होत नाही, त्यांचे मार्क वेगवेगळे येणारच.

एक आक्षेप खरा आहे. आवाजामुळं चिंतेचा आजारच होतो असं ठामपणे म्हणण्याएवढा पुरावा अजून नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांसाठी जो आढावा घेतला त्यात मानसिक आरोग्याबद्दलचा पुरावा कमी दर्जाचाच ठरला. झोपमोड आणि वैताग यांचा पुरावा त्यापेक्षा पक्का आहे. शिवाय काही माणसं मुळातच आवाजाला हळवी असतात, आणि ज्यांचा जीव आधीच घाबरा आहे त्यांना आवाज जास्त लागतो, त्यामुळं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे नुसतं विचारून कळत नाही. बरोबर. पण न मोजता पुरावा येणार तरी कुठून? पुरावा कमी आहे म्हणून मोजायचं नाही आणि मोजत नाही म्हणून पुरावा कमी, हा फेरा कोणीतरी तोडायला नको का.

दुसरा आक्षेप मला रोज ऐकू येतो. इथं कापसाला भाव नाही, सोयाबीन पिवळं पडलं, बँकेची नोटीस आहे, आणि तुम्हाला डीजेचं पडलंय. अरे बाबा, ज्याच्या डोक्यावर बँकेची नोटीस आहे त्यालाच तर रात्रीची झोप सगळ्यात जास्त लागते ना! भाव माझ्या हातात नाही, तलाठ्याच्या हातात नाही, पाऊस तर कोणाच्याच नाही. कर्णा मात्र ग्रामसभेच्या हातात आहे. एवढ्या सगळ्या कारणांमध्ये हे एक स्वस्तातलं कारण आहे जे या महिन्यात कमी करता येतं.

आणि शांत बसणं आपल्याला जमत नाही असंही नाही. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, लाखो लोक जागच्या जागी उभे राहतात, नागपूर-अमरावती रस्ता थांबतो. डीजे लावतात तीही त्याच खंजिरीवाल्या बाबांची माणसं, आणि त्याच गावांतली.

मोजमाप बंद करा असं तर मी मुळीच म्हणणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला होता, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला, डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. माणसं गावात जाऊन बसली, बोलली, म्हणून ते झालं. प्रश्न विचारणं हीच अर्धी मदत असते कधी कधी. फक्त विचारलेलं अर्धवट ठेवू नका.

करायचं काय ते फार नाही. त्या तपासणी फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवा, गेल्या दोन आठवड्यांत आवाजानं किती रात्री झोप मोडली, आणि तो आवाज कशाचा. पण या ओळी मनाच्या प्रश्नांनंतर ठेवा, आधी नको, कारण आधी आवाजाची आठवण करून दिली की माणूस पुढच्या सगळ्या उत्तरांत तोच राग घालतो आणि मग आकडा परत बिघडला. तारीख लिहा आणि गावात काय चालू होतं ते लिहा. एका वॉर्डात मार्क अचानक वर गेलेले दिसले तर पेशंट मोजण्याआधी तिथं तालुक्याचा मीटर घेऊन माणूस पाठवा, 'ए' आणि 'सी' दोन्ही मोजायला सांगा, आणि तो कागद ग्रामसभेत वाचा. नाव कोणाचंच नको, ना तक्रारवाल्याचं ना पेशंटचं, फक्त वॉर्ड आणि आकडे. ज्याला खरंच आजार आहे त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर द्या, जिल्हा रुग्णालयात पाठवा, त्याचा आणि डीजेचा हिशोब एकमेकांत मिसळू नका.

आणि हे वाढलेलं काम परत आशाताईंच्याच डोक्यावर टाकणार असाल, टाकणारच आहात म्हणा, तर त्याचे पैसे वेगळे आणि वेळेवर द्या. त्यांच्या स्वतःच्या घरावर पण टिनच आहेत.